छातीवर दुमडलेल्या बाह्या

कोर्टात त्यांना सगळे थर्मासबाई म्हणत. तोंडावर नाही, तेवढी छाती कुणाची नव्हती. पण बाईंची पाठ वळली की म्हणत. एक तर चहाचा स्टीलचा थर्मास त्यांच्या हातातून कधी सुटत नसे, आणि दुसरं म्हणजे त्या स्वतःच तशा होत्या. बाहेरून हात लावला तर गार. आत काय उकळतंय, ते झाकण उघडेल त्यालाच कळायचं, आणि झाकण उघडायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नसे.

देशाच्या सुरक्षेचे खटले चालवणारं ते खास कोर्ट, आणि बाई तिथल्या सरकारी वकील. स्फोट, कट, हत्यारं असल्या शब्दांत त्यांचा दिवस जायचा आणि संध्याकाळी घरी येऊन त्या सासूबाईंशी दुधाच्या भांड्यावरून वाद घालायच्या. नवऱ्याचं औषधांचं दुकान. स्वभावाने माणूस इतका शांत, की बायकोला धमकीचं पत्र आलं तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला, पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "शुद्धलेखन फारच वाईट आहे गं याचं." त्या पत्रानंतर सरकारने बाईंच्या मागे एक बंदूकधारी पोलीस लावून दिला. तो दिवसभर सावलीसारखा मागे आणि घरी असल्या की जिन्यात खुर्ची टाकून बसलेला. सासूबाई त्याला वेळेवर चहा, वेळेवर जेवण नेऊन द्यायच्या आणि त्याला जिन्यातला जावई म्हणायच्या. बाईंना भाजी घ्यायला जायचं असेल तरी जावई पुढे. भाजीवाल्याने भाव वाढवून सांगायचं सोडून दिलं, एवढाच काय तो फायदा.

बाईंच्या हाताखालून पुष्कळ खटले गेले, पण त्यांच्याविषयी सांगायचं तर बस आगाराच्या खटल्याविषयीच सांगायला हवं. त्या खटल्याने त्यांना जे शिकवलं ते कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नव्हतं.

बस आगारात स्फोट झाला. माणसं गेली. संशयावरून एका तरुणाला पकडलं. आगारामागच्या संडासात टाकून दिलेलं एक जॅकेट सापडलं होतं आणि त्याच्या अस्तराला स्फोटकाची पूड लागलेली होती. तरुण म्हणत होता, जॅकेट माझं नाहीच. म्हणजे सगळं घोडं त्या जॅकेटपाशी येऊन अडलेलं. हाच तो, असं बाईंना मनातून वाटत होतं. पण कोर्ट कुणाच्या वाटण्यावर चालत नाही, आणि चालूही नये, असं त्या स्वतःच इतरांना बजावत असत. ते जॅकेट त्याच्या अंगावर पाहिलेला कुणीतरी हवा होता.

असा माणूस एकच निघाला. त्याच तरुणाच्या गल्लीतला शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. त्या सकाळी मास्तर बसथांब्याच्या रांगेत उभे होते आणि हा पोरगा त्यांच्यापुढे चार माणसं सोडून उभा होता. भर उन्हाळ्यात अंगात जॅकेट. मास्तर त्याला तो शाळेत जायला लागल्यापासून ओळखत होते. त्याच्या पहिल्या गणवेशाची चड्डी त्यांनीच शिवलेली.

तरुणाचे साथीदार अजून मोकळे होते, नि त्यातला एखादा त्याच गल्लीत राहत नसेल असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नव्हतं. म्हणून कोर्टाने हुकूम दिला, की या साक्षीदाराचं नाव कुणाला कळणार नाही, तो पडद्याआड बसेल आणि त्याचा आवाज मशीनमधून बदलून येईल. रांगेत कितीतरी लोक होते. त्यांतला बोलणारा कोण, हे आरोपीला कळलं नाही म्हणजे झालं.

बाई मास्तरांना पहिल्यांदा भेटल्या त्या त्यांच्या घरी. दुकानाच्या मागेच घर. सासूबाईंचा स्कार्फ डोक्याला गुंडाळून, काळा चष्मा लावून, मागच्या दाराने. जावयाला कोपऱ्यावर उभं केलं होतं. मधला पडदा अर्धवट सरकलेला, त्यातून दुकानाच्या फळ्या दिसत होत्या. त्यांवर कपड्यांच्या घड्या रचून ठेवलेल्या, आणि प्रत्येक सदऱ्याची, प्रत्येक कोटाची घडी अगदी एकसारखी. बाह्या पाठीमागे न नेता पुढे, छातीवर एकीवर एक, आणि वरचं बटण लावलेलं. हात बांधून गप्प उभी असलेली माणसंच जशी. बाईंना तेव्हा ते बघून गंमत वाटली होती.

मास्तरांची बायको मात्र गमतीच्या मूडमध्ये नव्हती. तिने पाण्याचा पेला समोर ठेवला आणि उभी राहिली.

"ह्यांचं नाव बाहेर गेलं तर?"

"जाणार नाही."

"पोलीसपण असंच म्हणाले. तुम्हीपण असंच म्हणणार. आमचं दुकान इथं, घर इथं. उद्या काही झालं तर तुम्ही येणार आहात का?"

बाईंना खोटं बोलवेना. त्या म्हणाल्या, "वहिनी, काही होणार नाही, असं मी नाही म्हणत. एवढंच सांगते. कुठे काही चुकलं, तर ते तुम्हाला पहिल्यांदा माझ्या तोंडून कळेल. लपवून ठेवणार नाही."

बायकोने पेला तेवढा बाईंच्या बाजूला सरकवला.

साक्षीदाराला पढवायचं नाही, हा बाईंचा नियम होता. काय पाहिलं ते त्याचं. पण पडद्याआडचा साक्षीदार असला, की आदल्या आठवड्यात त्या त्याला रिकाम्या कोर्टात घेऊन यायच्या, त्याच खुर्चीत बसवायच्या आणि तो कुठून कुठून उघडा पडतो ते शोधून काढायच्या. बारीकसारीक सगळं बघायच्या, डोळ्यांत तेल घालून. पडद्याखालून पाय दिसत होते, आणि मास्तरांच्या त्या झिजलेल्या चपला गल्लीतलं शेंबडं पोरही ओळखेल. बाईंनी नवऱ्याचे बूट आणून दिले. मापाला मोठे, चालताना करकर वाजणारे. घसा खाकरायची सवय होती, ती मोडली. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे मास्तरांचे शब्द.

"जॅकेट कसं दिसत होतं?" बाईंनी विचारलं.

"डावा खांदा उतरला होता हो. आणि काखेखाली शिवण ताणलेली. आत वजन असल्याशिवाय कापड असं ओढलं जात नाही."

"मास्तर, असं बोललात तर पहिल्याच वाक्याला तुमच्या दुकानाची पाटी वाचल्यासारखं होईल. साधा माणूस काय म्हणेल?"

मास्तरांनी बराच विचार केला. "साधा माणूस बघणारच नाही," ते म्हणाले.

"पण तुम्ही बघितलंय. खोटं काही बोलू नका, फक्त शिंप्याच्या भाषेत बोलू नका."

"मग, जड दिसत होतं."

"बास. हेच."

जाता जाता मास्तरांची नजर बाईंच्या काळ्या कोटावर गेली. अस्तर खिशापाशी उसवलं होतं, महिनोन् महिने तसंच. मास्तरांना राहवेना. त्यांनी दोन बोटांनी ते चिमटीत धरून पाहिलं, च्‌ केलं आणि म्हणाले, "द्या इकडे. पिशवीत घालून नेतो, घरातच बसून करतो. कुणाला दिसणार नाही." बाई हसल्या आणि कोट काढून दिला. खरं तर तेव्हाच त्यांची ट्यूब पेटायला हवी होती. पाय झाले, घसा झाला, शब्द झाले; हात राहिले होते. पण जॅकेट होतं सीलबंद मुद्देमालात. साक्षीच्या दिवसाआधी ते कुणालाच उघडता येत नाही, त्यामुळे त्या तालमीत मास्तरांच्या हाती कापड असं आलंच नाही.

साक्षीच्या दिवशी बाई जुना, कोपरावर विटलेला कोट घालून आल्या. आरोपी काचेच्या पिंजऱ्यात बसला होता. बारीक अंगाचा, पुढे वाकून बसणारा, नखं कुरतडणारा. त्याच्या पिंजऱ्यापुढे मुद्देमालाचं लांब टेबल, आणि पलीकडे पडदा. पडद्याखाली नवऱ्याचे बूट, टाचा जुळवून ठेवलेले. बाईंचा आवाज रोजच्यासारखाच निघाला.

त्या विचारत होत्या आणि मशीनमधून उत्तरं येत होती, खोल विहिरीतून कुणी बोलावं तशी. सकाळची वेळ. बसची रांग. चेहरा ओळखीचा होता. प्रत्येक उत्तराआधी मास्तर जरा थांबायचे, आणि प्रत्येक वेळी बाईंना वाटायचं, की आता शिवण निघते का तोंडातून.

"जॅकेट कसं दिसत होतं?"

पडद्याखालचे बूट जरासे हलले.

"जड," मशीन म्हणालं.

कोर्टाच्या कारकुनाने सील फोडलं, चोळामोळा झालेलं जॅकेट पिशवीतून काढलं आणि पडद्याआड नेऊन दिलं. आतून थोडी सळसळ ऐकू आली. मग मशीनचा आवाज आला, "हेच ते. तिसरं बटण वेगळ्या रंगाचं आहे. तेव्हाही होतं." बाईंचा जीव भांड्यात पडला. बटणाचं कुणालाही दिसू शकतं. आता फार तर उलटतपासणी, आणि सुटलो.

कारकून दोन्ही हातांवर जॅकेट घेऊन बाहेर आला आणि त्याने ते टेबलावर ठेवलं.

जाताना बोळा होऊन गेलेलं जॅकेट घडी होऊन परत आलं होतं. बाह्या पुढे घेऊन छातीवर एकीवर एक. वरचं बटण लावलेलं.

बाईंना दुकानातल्या त्या फळ्या आठवल्या. मास्तरांना पत्ताही नसणार. आयुष्यभर जे हात कपडा हातावेगळा करताना अशीच घडी घालत आले, त्यांनी बोलता बोलता ती घातली होती. आणि आता ती घडी काचेच्या पिंजऱ्यासमोर, हाताच्या अंतरावर पडली होती. त्या गल्लीत लहानाचा मोठा झालेला पोरगा. दरवर्षी त्याच्या घरी याच घडीत कपडे गेले असणार.

बाईंनी मान न हलवता नजर तेवढी उचलली. आरोपी टेबलाकडे बघत होता. मग तो काचेच्या फटीशी वाकला आणि आपल्या वकिलाच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजला. वकिलाने मान डोलावली.

"साहेब," बाई न्यायाधीशांना म्हणाल्या, "ते तिसरं बटण आपल्याला जवळून दाखवते." आणि परवानगीची वाट न बघता त्यांनी जॅकेट उचलून झटकलं.

"मी पाहिलंय बटण," न्यायाधीश म्हणाले. "उलटतपासणी जेवणानंतर घेऊ."

साक्षीदारांच्या बंदोबस्ताचा अधिकारी बाईंना व्हरांड्यात भेटला. बाईंनी त्याला घडीचं सांगितलं. तो गोरामोरा झाला, पण लगेच सावरला.

"त्यांना आत्ता सांगू नका, मॅडम. उलटतपासणी होऊ द्या. संध्याकाळी मी त्यांना कुटुंबासकट हलवतो. आत्ता सांगितलंत आणि माणूस कचरला, तर खटल्याचा निकालच लागला म्हणायचा."

हे काही चुकीचं नव्हतं. बाईंनाही तेच वाटत होतं, आणि आपल्याला तेच वाटतंय याची त्यांना लाज वाटत होती. त्यांनी थर्मास उघडला, चहा ओतला आणि न पिताच खाली ठेवला. आगारात गेलेल्या माणसांचे फोटो त्यांच्या टेबलावर वर्षभर होते. पण तो पाण्याचा पेला, आणि तो सरकवणारा हातही त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्या उठल्या आणि मास्तरांच्या खोलीत गेल्या.

बाईंनी सगळं सांगितलं. मास्तरांनी आपले हात उलटेसुलटे करून पाहिले.

"मी घडी घातली?"

"हो."

"मला आठवतही नाही हो."

"मास्तर, तुम्ही नको म्हणालात तर मी आत्ता जाऊन साहेबांना सांगते. साक्ष इथेच थांबेल. तुम्हाला कुणी बोल लावणार नाही."

"त्याला कळलंय, हे नक्की?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "मी त्याला बघताना बघितलं. लगेच वकिलाशी बोलला. मला तसंच वाटतं."

मास्तर म्हणाले, "त्या दिवशी माझी बस भरली म्हणून मी मागं राहिलो. पुढं जी माणसं चढली, ती तशीच आगारात गेली. एक बाई होती, माझ्याकडं बघून हसली, की बघा, मला जागा मिळाली." ते उठले. "चला. अर्ध्यात टाकलेलं काम मला आवडत नाही. हिला तेवढं तुमच्या तोंडानं सांगा."

जेवणानंतर बचावाचे वकील उठले. बाईंचे कॉलेजातले सोबती. माणूस वाईट नव्हता, पण कोर्टात उभा राहिला की सुरीच. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"आपण तोंड लपवून बोलता, आवाज बदलून बोलता. आपल्याला आपल्याच बोलण्याची लाज वाटते का?"

उत्तराऐवजी बूट करकरले. पडदा हलला, आणि कुणाला काही कळायच्या आत मास्तर बाहेर येऊन उभे राहिले.

"लाज मला कशाची?" ते म्हणाले. पहिल्यांदाच कोर्टात त्यांचा खरा आवाज आला, बारीक आणि थोडा कापरा. "त्यानं ओळखलंच आहे, तर आत बसून काय करू? बघू दे मलाही त्याच्याकडं."

न्यायाधीश अर्धवट उठले. अधिकारी धावला. आणि बाईंनी काचेकडे पाहिलं.

आरोपी उभा राहिला होता. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, चेहऱ्यावरचा रंग पार उतरलेला. शाळेतल्या पोराने विचारावं तसं त्याने विचारलं, "मास्तर? तुम्ही?"

त्याला कळलेलं नव्हतं. त्याला काहीसुद्धा कळलेलं नव्हतं. घरी आलेला कपडा झटकून अंगात अडकवायचा आणि बाहेर पडायचं, एवढंच त्याने जन्मभर केलं होतं. ती घडी त्याने कधी पाहिलीच नव्हती. बाईंनी पाहिली होती, बाई घाबरल्या होत्या, आणि आपली भीती त्यांना त्याच्या तोंडावर दिसली होती. बाई नंतर वकिलाला विचारायला गेल्या तेव्हा तो खांदे उडवून म्हणाला, "कधी कुजबुजला? हां, तेव्हा. आता जेवायची सुट्टी होणार ना, विचारत होता."

मास्तरांनाही त्याच क्षणी सगळं कळलं असणार, कारण त्यांनी एकदा वळून बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बाईंना परवडला असता. नव्हता. मग ते आरोपीकडे तोंड करून उभे राहिले आणि वकिलाने विचारलेल्या एकूण एक प्रश्नाचं उत्तर दिलं. डावा खांदा उतरला होता, म्हणाले. काखेखालची शिवण ताणली होती, म्हणाले. कापडाला वजन सांगता येतं, खोटं बोलता येत नाही, म्हणाले. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे साक्ष पडद्याआडून झाली असती त्याच्या दसपट भक्कम झाली. बचावाच्या वकिलाला शेवटी खाली बसावं लागलं. बाईंना त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

उजेड असतानाच कोर्टाच्या मागच्या दारी गाडी आली. बायको आधीच आत बसलेली, मांडीवर एक पिशवी. बाईंनी तिला सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं, जसं कबूल केलं होतं तसं. त्याला कळलं नव्हतं, आपलाच अंदाज चुकला, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि काच वर केली.

मास्तर पलीकडच्या दाराशी थांबले होते.

"माझं चुकलं, मास्तर. मी नसतं सांगितलं तर..."

"न सांगता ठेवलं असतंत आणि त्याला खरंच कळलेलं असतं, तर?" मास्तर म्हणाले. पण ते म्हणताना त्यांचा आवाज काही ठीक नव्हता. मग त्यांना एकदम आठवलं. "बाई, दुकानात लोकांचे कपडे पडलेत. शिवून तयार आहेत. ज्याचे त्याला पोचते करायला सांगा कुणाला तरी. लोक वाट बघत असतील." त्यांनी अधिकाऱ्याच्या हातात किल्ली दिली आणि गाडीत बसले. कुठे नेलं ते बाईंनाही सांगण्यात आलं नाही. तसाच नियम आहे.

आठवड्याभराने जिन्यातला जावई एक पुडकं घेऊन वर आला. नवऱ्याचे बूट होते, पॉलिश केलेले. आणि बाईंचा काळा कोट. खिशाचं अस्तर नवं घातलेलं, टाके असे की दिसू नयेत. बाह्या छातीवर एकीवर एक, वरचं बटण लावलेलं.

शेवटच्या युक्तिवादाच्या दिवशी बाईंनी बटण काढलं, बाह्या सोडवल्या आणि तोच कोट घालून त्या उभ्या राहिल्या. निकाल यथावकाश लागला. शिक्षा झाली, पेपरात फोटो आला, सासूबाईंनी तो जावयाला नेऊन दाखवला. त्या संध्याकाळी बाई कोट मांडीवर घेऊन पलंगावर बसल्या होत्या. बाह्या पुढे घ्यायच्या, वरचं बटण लावायचं, एवढंच तर होतं. पण एक बाही सारखी घसरून खाली येत होती.

"अगं, हँगरला लाव की तो," सासूबाई दारातून म्हणाल्या.

बाईंनी कोट पूर्ण उलगडला आणि पुन्हा पहिल्यापासून घडी घालायला घेतली.